समुद्रशास्त्राचा एकटा विद्यार्थी आणि मोबाईलवरचा आकडा

पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: किनारपट्टीवर उंच लाटांचा इशारा, लाटांची उंची अमुक ते तमुक मीटर. हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, हे अंदाज तिथून निघतात. समजा मेसेजमध्ये साडेतीन मीटर लिहिलंय. आता सांगा, साडेतीन मीटर उंची कुठल्या लाटेची? समुद्रावर पाच मिनिटं उभं राहिलात तरी दिसेल, एक लाट गुडघ्याएवढी येते, दुसरी छातीएवढी. मग हा आकडा सरासरीचा, की सगळ्यात मोठ्या लाटेचा?

दोन्ही नाही. शंभर लाटा मोजा, उंचीप्रमाणे लावा, त्यातल्या सगळ्यात उंच तेहतीस उचला आणि फक्त त्यांची सरासरी काढा. याला 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट' म्हणतात, आणि जगभर समुद्राचा अंदाज याच मापात देतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. पहिल्यांदा ही व्याख्या वाचली तेव्हा वाटलं, एक तृतीयांशच का? वरच्या दहा टक्के का नाही? याचं उत्तर कुठल्याच समीकरणात नाही. ते दुसऱ्या महायुद्धात आहे, एका विद्यार्थ्यापाशी.

वॉल्टर मंक. जन्म १९१७, व्हिएन्ना. घरचा बँकेचा व्यवसाय. १९३२ मध्ये, चौदाव्या वर्षी, घरच्यांनी त्याला अमेरिकेला पाठवलं, बँकिंगमध्ये बसवायचं म्हणून. पोराने बँकेत काम केलं आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही. तो कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला गेला आणि १९३९ मध्ये फिजिक्सची पदवी घेतली. त्याच उन्हाळ्यात तो ला होया गावी गेला. कारण काय, तर त्याची मैत्रीण तिथे सुट्टीला येणार होती! तिथेच समुद्राकाठी स्क्रिप्स ही समुद्रशास्त्राची संस्था होती. मंकने तिथे उन्हाळ्यापुरतं काम मिळवलं. मैत्रिणीचं पुढे काही झालं नाही. समुद्र मात्र आयुष्यभर टिकला.

तेव्हाचं स्क्रिप्स डोळ्यांसमोर आणा. एक धक्का, मूठभर माणसं, आणि अमेरिकेत समुद्रशास्त्रात पीएचडी करायची तर जवळपास हीच एक जागा. विद्यार्थी इतके कमी की काही काळ अख्खा विद्यार्थिवर्ग म्हणजे मी एकटाच, असं मंक पुढे सांगायचा. संचालक होते हॅराल्ड स्वेरड्रुप. नॉर्वेचे. अमुंडसेनच्या 'मॉड' जहाजावर १९१८ ते १९२५ अशी सात वर्षं आर्क्टिकमध्ये काढलेला माणूस. मंकने त्यांना विचारलं, मी तुमच्याकडे पीएचडी करू का? स्वेरड्रुपनी बराच विचार केला आणि सांगितलं की पुढच्या दहा वर्षांत समुद्रशास्त्रात एकही नोकरी निघेल असं मला वाटत नाही. मंक तरी लगेच हो म्हणाला. आपल्याकडे प्लेसमेंटचा आकडा बघून ब्रँच ठरते, मीही तशीच ठरवली. त्यामुळे हा किस्सा मला भारी वाटतो, आणि थोडा झोंबतोही.

तिकडे ऑस्ट्रिया हिटलरने गिळला होता. मंक अमेरिकन सैन्यात भरती झाला आणि दीड वर्ष तिथे राहिला. मग स्वेरड्रुप आणि स्क्रिप्सचेच रॉजर रेव्हेल यांनी त्याला नौदलाच्या संशोधनाच्या कामावर बोलावून घेतलं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो ७ डिसेंबर १९४१ ला. मंक त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी गणवेशातून बाहेर पडला होता.

आता मुख्य गोष्ट. १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रं उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची तयारी करत होती. त्यासाठी लहान, सपाट बुडाच्या होड्या होत्या. समोरची फळी पडते आणि सैनिक पाण्यात उड्या मारतात, सिनेमात पाहिल्या असतील तशा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सराव चालला होता. मंकच्या लक्षात आलं की लाटा साधारण दोन मीटरच्या वर गेल्या की होड्या आडव्या होतात, पाणी आत येतं, माणसं जखमी होतात आणि त्या दिवशीचा सराव थांबवावा लागतो. सरावात ठीक आहे, 'आज नको, उद्या' म्हणता येतं. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर समोरून गोळ्या येत असताना काय म्हणणार? त्याने जुन्या नोंदी काढल्या. त्या अटलांटिक किनाऱ्यावर हिवाळ्यात बहुतेक दिवस लाटा याहून मोठ्याच असतात, असं दिसलं.

त्याने वरिष्ठांना सांगितलं. पंचविशीतला पोरगा, फार कोणी मनावर घेतलं नाही. मग त्याने स्वेरड्रुपना बोलावलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. वारा किती जोराचा, किती तास वाहिला आणि पाण्यावर किती लांबपर्यंत वाहिला, या तीन गोष्टींवरून वादळाखाली लाटा किती वाढतील ते काढायचं. मग त्या लाटा वादळातून बाहेर पडून शेकडो मैल प्रवास करताना कशा बदलतील ते काढायचं. शेवटी किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात त्या किती उंच होऊन फुटतील ते. तिन्ही टप्प्यांसाठी आलेख. कॉम्प्युटर नाही हे लक्षात ठेवा. हवामानाचा नकाशा, पट्टी, पेन्सिल.

पण आलेख तपासायचे कशावर? तेव्हा उघड्या समुद्रात लाटा मोजणारी यंत्रणा जवळपास नव्हतीच. होती ती माणसं. होडी चालवणारे सुकाणूवाले, म्हणजे आपल्याकडचे तांडेल समजा. त्यांना विचारायचं, आज लाटा केवढ्या? ते म्हणायचे, इतक्या फुटांच्या. आणि त्यांचं उत्तर मोजलेल्या सरासरीपेक्षा कायम जास्त निघायचं. कारण उघड आहे. होडीवाला बारक्या लाटा मोजतच नाही, त्याच्या लेखी त्या लाटाच नाहीत. त्याला आठवतात त्या होडी हलवणाऱ्या. मंक-स्वेरड्रुपनी ताडून पाहिलं तेव्हा दिसलं की होडीवाल्यांचा आकडा वरच्या एक तृतीयांश लाटांच्या सरासरीच्या आसपास पडतो. आता नौदलातल्या होडीवाल्यांची नजर बदलायची की आपली व्याख्या? त्यांनी व्याख्या बदलली.

आमच्याकडेही ॲप किती वेगवान आहे हे सरासरीवर मोजत नाहीत, कारण वैतागणारा युजर सरासरीत दिसत नाही. आम्ही सगळ्यात संथ पाच टक्के रिक्वेस्टकडे बघतो. ही अक्कल या मंडळींना १९४२ मध्ये होती, तीही होडीवाल्यांना विचारून.

या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या स्वेरड्रुपांच्या ज्ञानावर हे सगळं उभं होतं, त्यांनाच १९४२ मध्ये नौदलाच्या गोपनीय कामाची परवानगी नाकारली गेली. ते जन्माने नॉर्वेचे, नातेवाईक जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेत, म्हणून संशय. संशय बोलून दाखवणाऱ्यांत स्क्रिप्समधलेच काही सहकारी होते. त्याच वर्षी त्यांचं आणि दोन सहलेखकांचं 'द ओशन्स' हे जाडजूड पुस्तक आलं. आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतं. ते शत्रूच्या उपयोगी पडेल म्हणून युद्धकाळात देशाबाहेर पाठवायला बंदी होती. म्हणजे पुस्तक देशासाठी मोलाचं आणि लेखक संशयित!

पुढे स्क्रिप्समध्ये सैन्यातल्या हवामान अधिकाऱ्यांच्या तुकड्या येऊन ही पद्धत शिकू लागल्या. त्यातले काही इंग्लंडला गेले आणि नॉर्मंडीच्या लाटांचा अंदाज करणाऱ्या गटात बसले. ५ जून १९४४ ची चढाई खराब हवेमुळे एक दिवस पुढे ढकलली गेली. ६ जूनचा अंदाज होता: समुद्र त्रासदायक, पण उतरता येईल. आणि सैन्य उतरलं.

'उतरता येईल' म्हणजे शांत समुद्र नव्हे. त्या सकाळी ओमाहा बीचसमोर कापडी पडदे लावलेले, पाण्यावर तरंगणारे रणगाडे सोडले गेले. ते बनवले होते जेमतेम फूटभर लाटांसाठी. एका बटालियनचे २९ रणगाडे किनाऱ्यापासून लांब पाण्यात उतरले, त्यातले २७ बुडाले. होडीसाठी 'चालेल' असलेला समुद्र त्या रणगाड्यांसाठी मरण होता.

युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये मंकला पीएचडी मिळाली. प्रबंधाचा विषय: दूरचा प्रवास करताना लाटांच्या दोन उंचवट्यांमधला वेळ कसा वाढत जातो. तीन आठवड्यांत लिहिलेला, आणि म्हणे स्क्रिप्सच्या इतिहासातला सगळ्यात छोटा प्रबंध. गंमत पुढेच आहे. त्याचा मुख्य निष्कर्ष चुकीचा होता, हे मंकने नंतर स्वतःच सांगितलं. पीएचडी करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चुकला तरी प्रश्न सोडला नाही. खोल पाण्यात लांब लाट जास्त वेगाने पळते. दर २० सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा जथा ताशी सुमारे ५६ किलोमीटरने जातो, १५ सेकंदांचा सुमारे ४२ ने. म्हणजे दूरच्या वादळातून आधी लांब लाटा पोचतात, मग आखूड. दोघींमधलं अंतर मोजलं की वादळ किती दूर झालं ते घरबसल्या काढता येतं. १९६३ मध्ये मंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंड, सामोआ, निर्मनुष्य पामायरा बेट, हवाई आणि अलास्का इथे उपकरणं ठेवली. हवाई आणि अलास्काच्या मध्ये तर 'फ्लिप' नावाचं शंभर मीटरहून लांब जहाज पाण्यात उभं केलं, खरंच उभं, नाक आकाशाकडे. आणि दक्षिणेतल्या, अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत जाताना पकडल्या. वादळाच्या परिसरातून एकदा बाहेर पडल्या की या लाटांची ताकद वाटेत फारशी कमी होत नाही, हे त्यातून कळलं.

हे शिक्षण आपल्याकडेही आलं. १९५२ मध्ये स्क्रिप्समध्ये काम केलेले युजीन लाफाँड आंध्र विद्यापीठात शिकवायला आले आणि विद्यार्थ्यांना भारतीय नौदलाच्या जहाजांवरून बंगालच्या उपसागरात घेऊन गेले. पुढे हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली आणि तिच्यामागोमाग १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. ज्यांना वाटतं समुद्रशास्त्र म्हणजे परदेशातला विषय, त्यांच्यासाठी ही माहिती.

आता परत त्या मेसेजकडे. १९५२ मध्ये मायकेल लाँगेट-हिगिन्स या ब्रिटिश गणितज्ञाने लाटांच्या उंचीचं गणित मांडलं. त्याच्या हिशोबाने साधारण सातातली एक लाट 'सिग्निफिकंट' उंचीपेक्षा मोठी असते. आणि हजार लाटांमधली सगळ्यात मोठी त्या आकड्याच्या १.८६ पट, म्हणजे जवळपास दुप्पट. पावसाळ्यात दर आठ-दहा सेकंदांनी लाट धरा, हजार लाटा व्हायला दोन-अडीच तास पुरतात. मेसेजमध्ये साडेतीन मीटर असेल तर त्या वेळात एक साडेसहा मीटरची येणं हा चमत्कार नाही, हिशोब आहे. हे उघड्या समुद्रातलं झालं. किनाऱ्याजवळ तळामुळे लाट फुटते, खडकावर कशी चढेल ते त्या खडकावर अवलंबून. तांडेलाला हे वेगळं सांगावं लागत नाही, हा आकडा मुळात त्याच्यासारख्यांच्याच नजरेतून आलाय. प्रश्न आपला आहे, खडकावर रील काढणाऱ्यांचा. दहा मिनिटं पाणी पायाशी येत नाही, म्हणून आपण धरून चालतो की येणारच नाही.

आणि उंचीचा आकडा लहान असला तरी फसायला होतं. ४ आणि ५ मे २०२४ साठी मुंबई महापालिकेने इशारा दिला होता, त्यातली उंची अर्धा ते दीड मीटर. आकाश निरभ्र, वारा नाही. पण या होत्या खाली दक्षिण महासागरातल्या वादळांच्या, हजारो किलोमीटर चालून आलेल्या लाटा. मल्याळममध्ये याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोर समुद्र. ६ मे ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर पाच वैद्यकीय विद्यार्थी अशाच लाटांत गेले. इशारा दिलेला होता.

अशा इशाऱ्यात उंचीसोबत बऱ्याचदा सेकंदही लिहिलेले असतात. तो आकडा बघा. सात-आठ असेल तर लाटा जवळच्या वाऱ्याच्या. सतरा, अठरा, वीस असेल, तर उंची एक मीटर का असेना, ते पाणी खूप लांबून, खूप ताकद घेऊन आलंय आणि किनाऱ्यावर अपेक्षेपेक्षा बरंच आत शिरणार आहे. अशा दिवशी फोटो लांबूनच काढा.

मंक २०१९ मध्ये गेला, १०१ वर्षांचा होऊन. पुढच्या भागात त्या उभ्या राहणाऱ्या जहाजाबद्दल बोलू. त्यात बेसिन आणि संडास दोन दिशांना का बसवले होते, हे ऐकण्यासारखं आहे. भेटूच!