मान मोडली, गोल सोडला नाही
दिनविशेष : ५ मे

लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर १९५६ साली आजच्या दिवशी एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीने बर्मिंगहॅम सिटीला ३-१ असे हरवले. १७ मिनिटे उरली असताना मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन याने बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायांत झेप घेतली. मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे. मान हाताने सावरत तो शेवटपर्यंत उभा राहिला. काही दिवसांनी एक्स-रेत मान मोडल्याचे दिसले.

ट्राउटमन हा युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला जर्मन सैनिक. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला संघात घेतले तेव्हा हजारो लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. एका माणसावर साऱ्या देशाचे पाप लादू नका, असे सांगायला पुढे आले रब्बी अलेक्झांडर अल्टमन, हिटलरच्या राजवटीत स्वतः जर्मनी सोडावी लागलेले ज्यू धर्मगुरू. हे मोठेपण त्या झेपेहून तसूभरही कमी नाही.

१९५६ सालीच ट्राउटमन इंग्लंडमधला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हा मान मिळवणारा तो पहिलाच गोलरक्षक. सिटीसाठी तो ५४५ सामने खेळला.