आरोप जस्तावर, करणी तांब्याची

वांगे चिरून पाण्यात न टाकता तसेच ठेवले, तर घटकाभरात काळे पडते. हे तुमच्या घरीही रोजचेच. पण काळे पाडतो कोण? वांग्यातच असलेले एक विकर, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला एन्झाइम म्हणतात ते. त्याच्या पोटात तांबे असते. हवेतल्या प्राणवायूची वांग्याच्या रसाशी गाठ घालून द्यायची, हा त्या तांब्याचा उद्योग. मी इतिहासाचा मास्तर, रसायनाचा नव्हे. तरी या तांब्याची हकिगत मला मौजेची वाटते, कारण त्याची करणी दुसऱ्याच्या नावावर मांडण्याचा प्रकार दोनदा घडला.

पहिल्यांदा घडला तो रोगणाच्या बाबतीत. जपानात एका झाडाच्या चिकाचे काळे रोगण भांड्यांना देतात. तो चीक हवेत काळा आणि टणक होतो, याचे कारण त्यातले एक विकर, असे योशिदा यांनी १८८३ साली दाखवले. फ्रान्सच्या बर्त्रां यांनी पुढे त्याला ‘लॅकेज’ हे नाव दिले, आणि १८९७ साली सांगितले की यातला कर्ता धातू मँगनीज. खरा कर्ता तांबे आहे, हे केंब्रिजच्या केलिन आणि मान यांनी सिद्ध केले तेव्हा १९३९ साल उजाडले होते!

दुसरी चूक आपल्या काळातली. पेशीत डीएनएची नवी प्रत जोडणारे एक विकर असते. त्यात फेनँथ्रोलीन नावाचे द्रव्य घातले की ते काम थांबवते. हे द्रव्य धातूंना चिमट्यासारखे धरते, तेव्हा ‘याने विकरातले जस्त धरून ठेवले असणार’ असा तर्क झाला. तर्क वाईट नव्हता. पण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली खोलात जाऊन पाहिले, तेव्हा निराळेच निघाले. मिश्रणात तांब्याचा नुसता अंश होता. दोन फेनँथ्रोलीननी तांब्याचा एक अणू मधे धरला होता, आणि ही जोडणी प्राणवायूच्या साहाय्याने खुद्द डीएनएचाच धागा तोडत होती. विकर बिचारे त्या तुकड्यांत अडकून बसले होते. जस्ताचा काही संबंध नव्हता.

डीएनए तोडणारी विकरे निसर्गात आहेतच. तेच काम माणसाच्या हातचे एवढेसे संयुग करू लागले. मात्र नक्कल कामाची, रीतीची नव्हे, असे माझे मत. निसर्गातली कात्री बहुधा पाण्याच्या मदतीने सांधा सोडवते. तांबे धाग्यातली साखरच जाळते. म्हणून ती टोके पुन्हा सरळ जोडता येत नाहीत. (यावरून तांब्याच्या तांब्यातले पाणी औषधी ठरते, असे मात्र कोणी समजू नये.)

अशा तोडफोडीचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. डीएनएवर एखादे प्रथिन चिकटून बसले असेल, तर त्याच्याखालचा धागा तांब्याच्या तावडीतून वाचतो. बाकीचा तुटतो. १९८५ साली सिग्मन आणि स्पास्की यांनी हीच युक्ती जंतूच्या एका जनुकावर चालवली. जिथे धागा शाबूत राहिला, तिथे प्रथिन बसले होते. उन्हात वाळत घातलेल्या धान्यावरून परात उचलावी आणि खाली ओलसर गोल दिसावा, तसे.