पद्मपूर, नाशिक आणि संशोधन-निबंधाचा अंतिम पाठ

गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर नावाचे खेडे आहे. महाकवी भवभूतीचे जन्मस्थान जे पद्मपूर ते हेच होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मांडले. आमगावच्या महाविद्यालयाने आज भवभूतीचेच नाव धारण केले आहे. या भागातील विद्यार्थ्यास परिषदेसाठी निबंध लिहावयाचा झाल्यास पदमपुराचा विषय त्याच्या अगदी हाताशी आहे. परंतु सभेत वाचलेला निबंध परिषदेच्या कार्यवृत्तात छापावयास देताना त्यास कोणते अंतिम रूप द्यावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. पदमपुराच्या प्रश्नाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्याचा आरंभ मात्र आमगावपासून नव्हे, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यापासून करावा लागतो.

१८७६ साली भांडारकरांची दोन कामे छापून निघाली. पहिले, सप्टेंबर १८७४ मध्ये लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कार्यवृत्तातील नाशिकच्या लेण्यांमधील शिलालेखांवरील निबंध. दुसरे, मुंबई संस्कृत ग्रंथमालेतील ‘मालतीमाधवा’ची आवृत्ती. लंडनला ते स्वतः गेले नव्हते. निबंध तेवढा पाठविला होता. शंका निघाल्यास उठून उत्तर देण्यास लेखक सभागृहात नाही, म्हणून जे काही सांगावयाचे ते कागदावरच असणे प्राप्त होते. वस्तुतः प्रत्येक मुद्रित निबंधाची स्थिती हीच असते. फक्त ती भांडारकरांच्या निबंधावर प्रारंभापासूनच ओढवली होती.

त्या निबंधासाठी त्यांच्यापुढे वेस्ट यांनी पूर्वी प्रसिद्ध केलेल्या लेखांच्या नकला होत्या. नकलेवरून वाचलेल्या अक्षरांत प्रमाद राहणे अपरिहार्यच. तथापि भांडारकरांनी केवळ निष्कर्ष न सांगता लेखांचे पाठ, त्यांचे भाषांतर आणि त्यांवरील ऐतिहासिक विवेचन ही तिन्ही वाचकापुढे ठेवली. कोणता शब्द त्यांनी कसा वाचला आणि त्या वाचनावर सातवाहनांच्या इतिहासाचा कोणता भाग उभारला, हे त्यामुळे कोणासही पडताळून पाहता येते. पुढे १८८३ साली भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेनार यांनी हेच लेख पुन्हा तपासले. अनेक वाचने बदलली; परंतु भांडारकरांचा निबंध त्यामुळे निरुपयोगी ठरला नाही. दुरुस्ती नेमकी कोठे करावयाची, हे त्यातच दिसत होते.

‘मालतीमाधवा’च्या संपादनातही हीच रीत आढळते. दक्षिणापथातील पद्मपूर हे आपल्या कुळाचे स्थान असल्याचे भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत सांगतो. काही पाठांत विदर्भाचाही निर्देश येतो. तो तैत्तिरीय शाखेचा, म्हणजे कृष्णयजुर्वेदी. नागपूर प्रांतात चांद्याच्या आसपास कृष्णयजुर्वेदी, आपस्तंबसूत्री ब्राह्मणांची अनेक घराणी आढळतात, यावरून पद्मपूर त्या बाजूस असावे, असा तर्क भांडारकरांनी केला. एकोणिसाव्या शतकातील घराण्यांवरून आठव्या शतकातील गावाचा ठाव घेणे हे धाडसच होते. मात्र तर्काचा आधार त्यांनी लपविला नाही. (नाटकातील घटना घडतात ती पद्मावती नगरी मात्र निराळी. ती ग्वाल्हेरकडील पवाया होय. तिचा व पद्मपुराचा घोटाळा पुष्कळदा झाला आहे.)

चांद्यावरील दृष्टी आमगावाकडे वळली ती एका ताम्रपटामुळे. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात, मोहल्ला येथे वाकाटकांचा एक ताम्रपट मिळाला. तो पद्मपुराहून दिलेला आहे. परंतु वंशावळीतच लेख तुटतो आणि दान देणाऱ्या राजाचे नाव येतच नाही. मिराशींनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केला आणि शीर्षकातच त्यास ‘अपूर्ण’ म्हटले. वाकाटकांच्या राज्यात पद्मपूर नावाचे महत्त्वाचे ठिकाण होते, एवढे या ताम्रपटाने निश्चित केले. ते आमगावजवळचे पदमपूर होय, हे त्यापुढचे पाऊल. त्यास नामसादृश्य, तेथील प्राचीन अवशेष आणि मोहल्ला येथपासूनचे सान्निध्य हे आधार आहेत. भवभूतीचे पद्मपूर तेच, ही तिसरी पायरी. या तीन पायऱ्यांचे बळ सारखे नाही, आणि छापील निबंधात हा भेद दिसलाच पाहिजे. व्याख्यानाच्या ओघात मात्र तो सहज बुजून जातो.

त्यातही नामसादृश्याचा आधार भाषाशास्त्राच्या दृष्टीने वाटतो तितका भक्कम नाही. संस्कृत ‘पद्म’ शब्दाचे प्राकृतात ‘पउम’ किंवा ‘पोम्म’ होते. काश्मीरमधील पद्मपुराचे आज पांपोर झाले आहे, ते अशाच स्वाभाविक ध्वनिपरिवर्तनाने. ‘पदमपूर’ या रूपात मात्र जोडाक्षर केवळ स्वरभक्तीने सुटले आहे. म्हणजे हे अर्धतत्सम रूप होय. असे रूप संस्कृत नावाच्या स्मृतीने टिकलेले असू शकते, किंवा बऱ्याच उत्तरकाळी नव्याने ठेवलेलेही असू शकते. ओडिशातील बारगढ जिल्ह्यातही एक पदमपूर आहेच. तेव्हा आमगावच्या पक्षाचे खरे बळ नावात नसून ताम्रपट आणि अवशेष यांच्या जोडीत आहे. हे स्पष्टपणे लिहिल्याने तो पक्ष दुर्बल होत नाही.

परिषदा आणि त्यांची कार्यवृत्ते यांमध्ये पूर्वी बरेच अंतर असे. लंडनचे कार्यवृत्त दोन वर्षांनी निघाले. १८८६ च्या व्हिएन्ना परिषदेत भांडारकर उपस्थित होते, तिचे १८८८ साली. १९१९ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे खंड १९२० व १९२२ साली प्रसिद्ध झाले. सभेत निघालेले आक्षेप विचारात घेऊन पाठ सुधारण्यास तेवढ्यात अवकाश मिळे. आज अनेक ठिकाणी कार्यवृत्ताचा ग्रंथ उद्घाटनाच्या दिवशीच हाती पडतो. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी छापील निबंधास गुण नेमून दिले, हे या घाईचे एक कारण आहे आणि नोकरीतील अध्यापकास त्याबद्दल दोष देणे न्याय्य नाही. पण त्या ग्रंथात चर्चेचा एक शब्दही येऊ शकत नाही. निबंध वाचण्याआधीच तो अंतिम झालेला असतो.

मिराशींनी घाई केली नाही. मोहल्ल्याचा तो ताम्रपट सुमारे तीन दशकांनंतर, १९६३ साली, वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या बृहत् खंडात त्यांनी पुन्हा संपादिला. राजा कोण, याविषयी त्यांनी तेथेही अनुमानच दिले आणि ते अनुमान म्हणूनच दिले.