पातळ करायला काय घालू?

परवा रात्री उशिरा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. इंग्लंडमध्ये असतो. (घरचे ओळखतीलच, म्हणून नाव लिहीत नाही.) मला वाटलं, साबुदाण्याची खिचडी पुन्हा गोळा झाली असेल. पण प्रश्न निघाला वेगळाच.

"आत्या, तू फार्मसीवाली ना? व्हेपचं लिक्विड फार घट्ट झालंय. पातळ करायला पाणी घातलं तर चालेल?"

ई-सिगरेटमध्ये भरायचं द्रव हा पठ्ठ्या घरीच बनवतो, स्वस्त पडतं म्हणून. पहिल्यांदा राग आला. मग त्याचे वडील आठवले. म्हणजे माझा दादा. चाळीस वर्षं सिगरेट ओढली आणि शेवटचे सहा महिने श्वासासाठी कसा तडफडला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पोराची सिगरेट या यंत्रामुळेच सुटली, तिला दोन वर्षं झाली. मग रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? "उद्या सांगते" म्हणाले आणि वाचत बसले. त्या रात्री वाचलेलं आणि आधीपासून आठवत असलेलं, दोन्ही इथे मांडते.

गंमत म्हणजे या यंत्राची सुरुवात पाण्यापासूनच झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी १९६३ साली बिनधुराच्या सिगरेटचं पेटंट मागितलं, १९६५ साली ते मिळालं. कल्पना अशी की तंबाखू जाळायचीच नाही, गरम, दमट, स्वादिष्ट हवा ओढायची. ती सिगरेट बाजारात काही चालली नाही. पुढे २००३ साली चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञानं आजच्या ई-सिगरेटचं पेटंट घेतलं. तो स्वतः सिगरेट ओढायचा, आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. हे वाचताना मी थोडी थांबले.

नुसत्या पाण्याची वाफ हवेत लगेच विरते, धूर ओढल्याचा भास होत नाही. म्हणून यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आलं. नाटकात धुकं दाखवायला जे यंत्र वापरतात, त्यातल्या द्रवातही हेच असतं. सोबत आलं ग्लिसरीन. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्यामानानं पातळ, तर ग्लिसरीन पाकासारखं घट्ट. ग्लिसरीन जास्त तितका ढग मोठा, म्हणून हौशी मंडळी ते वाढवत गेली आणि तिथेच घोटाळा झाला. यंत्रात कापूस असतो, आपल्या निरांजनातल्या वातीसारखा. थंडीत तेल गोठलं की वात ते ओढत नाही आणि नुसतीच जळते, तसंच इथे होतं. वर ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापलं तर त्यातून अ‍ॅक्रोलीन तयार होतं. फोडणीचं तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबतो ना धूर, त्यातलंच ते. तेव्हा थोडं पाणी घालून वातीला मदत करायची, ही युक्ती अगदीच वेडेपणाची नाही.

पण पाणी कुठलं? नळाचं घातलं तर त्यातले क्षार तापणाऱ्या तारेवर बसतात. शिवाय मुरांब्याचा पाक घट्ट असेल तर मुरांबा वर्षभर टिकतो, पाक पातळ राहिला की बुरशी धरते. ग्लिसरीनचंही तसंच आहे. घट्ट असताना त्यात जंतू वाढत नाहीत, पाणी वाढलं की त्यांना जागा मिळते. म्हणजे घालायचंच तर डिस्टिल्ड, तेही थेंबांनी मोजून.

इतकं सांगून मोकळी झाले असते. पण 'ग्लिसरीन' हा शब्द मनातून जाईना.

१९८६ साली मी मुंबईत फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून ग्लिसरीन दिलं होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन मिसळलेलं होतं. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली, राज्याच्या औषध प्रशासनाचे वाभाडे निघाले. आमचे सर त्या दिवसांत वर्गात आले, ग्लिसरीनची बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यात काय आहे?"

"ग्लिसरीन!" आम्ही एका सुरात.

"कशावरून? लेबलावरून?"

वर्गात कुणी बोललं नाही. दोन्ही रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही गोड. डोळ्यांना कळत नाही, जिभेलाही नाही.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात द्यायचं होतं. ते नीट विरघळावं म्हणून एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञानं डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं आणि वर रास्पबेरीचा स्वाद घातला. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे का हे तपासायची सक्ती तेव्हा नव्हती. कंपनीवर आरोप ठेवता आला तो काय, तर 'एलिक्झर' म्हणून विकलं आणि त्यात अल्कोहोल नव्हतं! त्यानंतर १९३८ साली नवा कायदा आला. तरीही २०२२ साली गांबियातल्या ६६ मुलांच्या मृत्यूंशी संबंध असण्याची शक्यता सांगत जागतिक आरोग्य संघटनेनं चार सिरपांबद्दल इशारा दिला. सिरपं भारतात बनलेली, आणि सापडलं तेच डायएथिलीन ग्लायकॉल, सोबत त्याचं भावंड एथिलीन ग्लायकॉल.

आणि ई-सिगरेट? २००९ साली अमेरिकेच्या एफडीएनं १८ कार्ट्रिज तपासली. त्यांतल्या एकात हेच महाशय निघाले, सुमारे एक टक्का.

२०१९ चा प्रकार तर उलटा. अमेरिकेत व्हेप करणारी तरुण मुलं फुफ्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. बहुतेकांनी चोरट्या बाजारातली गांजाच्या अर्काची कार्ट्रिज वापरली होती. आपल्याकडे दुधात पाणी घालून ते लपवायला स्टार्च घालतात ना? तसं तिथे अर्क पातळ करून तो दाट दिसावा म्हणून व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट घातलं होतं. गोळीतून पोटात गेलं तर निरुपद्रवी, फुफ्फुसात गेलं तर घातक.

आपण नेहमी मुख्य वस्तूबद्दल विचारतो. निकोटीन किती, औषध कुठलं. ते ज्यात कालवलंय त्याची चौकशी कुणी करत नाही. आणि माणसं बहुतेक वेळा तिथेच फसली.

(आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं हे बनवणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे. तेव्हा इथल्या कुणी यातून कृती शोधू नये!)

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. म्हटलं, "पाण्याचं नंतर बघू. आधी सांग, ग्लिसरीन कुठून आणलंस?"

"ऑनलाइन. पाच लिटरचा कॅन. स्वस्त मिळाला."

"शुद्ध आहे?"

"हो गं, लेबलवर लिहिलंय."

चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. मग त्याला हे सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. वडिलांचं नाव मात्र मी काढलं नाही. त्यानंच काढलं. म्हणाला, "बाबांसाठी सोडली गं सिगरेट. आता हेही कमी करतोय." पुढे दोघंही जरा वेळ गप्प होतो.

कॅन टाकला की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही. काल मेसेज आला, "आत्या, साबुदाणा भिजवायला पाणी किती?"

याचं उत्तर मात्र मी बेधडक देऊन टाकलं.