सिराक्यूज: भिंतीत अडकलेले खांब

आज जाऊया इटलीच्या सिसिली बेटावर, सिराक्यूजला. हो, आर्किमिडीजचं गाव!

इथल्या कॅथेड्रलचा फोटो मी पहिल्यांदा झूम केला आणि चक्रावलोच. चर्चच्या बाहेरच्या भिंतीत चक्क जाडजूड ग्रीक खांब! हे आले कुठून?

तर झालं असं. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात इथे अथेना देवीचं मंदिर उभं राहिलं. त्याच्या दारांवर सोन्याचं आणि हस्तिदंताचं काम होतं. ते रोमन सुभेदार व्हेरेसने लुटलं, असा आरोप सिसेरोने केला. पुढे सातव्या शतकात मंदिराचं चर्च झालं. कसं? बाहेरच्या खांबांमधली मोकळी जागा बांधून बुजवली आणि गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरून काढल्या. ८७८ मध्ये अरबांनी शहर जिंकलं, चर्चची मशीद झाली. अकराव्या शतकात नॉर्मन आले, पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपानंतर समोरचा भाग नव्याने, बरोक शैलीत बांधला.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही हं. ८७८ च्या वेढ्यात लोक उपाशी मेले, शेवटी कत्तल झाली. ते विसरून खांबांचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

पण गंमत बघा, ज्या भिंतींनी मंदिर झाकलं, त्यांनीच ते आजवर धरून ठेवलं. मग ही वास्तू कोणाची? माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. तुमचं?

भेटू पुढच्या भागात!