नागिणीचे वसतिस्थान : एका अनुमानाचा इतिहास

छातीच्या अथवा कमरेच्या एका बाजूस पट्ट्यासारख्या उठणाऱ्या दाहक फोडांस मराठीत नागीण म्हणतात. तिचे तोंड व शेपूट एकत्र मिळाले की रोगी दगावतो, असा समज महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. ‘हर्पिस’ या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही सरपटण्याचीच कल्पना आहे, आणि ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. समज भीतीपोटी आलेला असला, तरी त्यामागील निरीक्षण खोटे नव्हे. नागीण सहसा देहाची मध्यरेषा ओलांडीत नाही. या वैशिष्ट्याचा उलगडा करतानाच वैद्यकाचे लक्ष त्वचेवरून मज्जासंस्थेकडे वळले.

हे फोड मज्जातंतूच्या मार्गास अनुसरतात, असे लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये सुचविले होते. बर्लिनच्या बेरेन्स्प्रुंग यांना १८६३ मध्ये शवविच्छेदनात पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छिकेत, म्हणजे संवेदक मज्जापेशींच्या गाठीत, विकृती आढळली. पुढे १९०० मध्ये हेड व कॅम्पबेल यांनी २१ रुग्णांच्या शवविच्छेदनांवरून हा संबंध निर्विवाद केला. प्रत्येक गुच्छिका देहाच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळते. मध्यरेषेचे कोडे येथेच सुटले.

परंतु गुच्छिकेत दाह का व्हावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टच्या बोकाय यांना नागिणीच्या रुग्णाच्या सान्निध्यात मुलांना कांजिण्या येताना दिसल्या. दोहोंचा विषाणू एकच, हे थॉमस वेलर यांनी १९५८ पर्यंत पेशीसंवर्धनाने दाखविले. तथापि कांजिण्या बालपणी आणि नागीण उतारवयात. मधली चाळीस-पन्नास वर्षे विषाणू कोठे असतो, हे अनुत्तरितच राहिले.

याचे उत्तर त्याच कुळातील दुसऱ्या विषाणूच्या, ओठांवर वारंवार फोड आणणाऱ्या हर्पिसच्या, संदर्भात अगोदरच सुचविले गेले होते. हा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत प्रवास करतो, हे अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी सशांवरील प्रयोगांत पाहिले होते. १९२९ मध्ये त्यांनी प्रतिपादिले की, तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गुच्छिकेत सुप्त राहतो. आक्षेप साधा होता, पण बिनतोड होता : गुच्छिका वाटून तपासली, तर विषाणू सापडत नसे.

अशा स्थितीत १९६५ मध्ये सायरेन्सेस्टर या इंग्लिश गावातील एक सामान्य वैद्यकव्यवसायी, एडगर होप-सिम्पसन, यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. सुमारे ३,५०० लोकवस्तीत १६ वर्षांत पाहिलेले १९२ रुग्ण, एवढीच त्यांची सामग्री. वयाबरोबर प्रमाण वाढते, आणि कांजिण्यांचे पुरळ जेथे दाट असते त्या धडावरच नागीण अधिक उठते, एवढ्यावरून त्यांनी अनुमान बांधले : कांजिण्यांचा विषाणू त्वचेतून मज्जातंतूंवाटे गुच्छिकेत जाऊन सुप्त राहतो व प्रतिकारशक्ती ओसरली की परततो. प्रयोगशाळेविना केलेले हे तर्कशुद्ध काम त्या शतकातील उत्कृष्ट वैद्यकीय लेखनात गणले पाहिजे.

गुडपाश्चर यांच्यावरील आक्षेप १९७१ मध्ये स्टीव्हन्स व कुक यांनी दूर केला. हर्पिसमधून बऱ्या झालेल्या उंदरांच्या गुच्छिका वाटल्या असता विषाणू मिळाला नाही. त्याच जिवंत ठेवून संवर्धन-द्रवात वाढविल्या, तेव्हा तो प्रकट झाला. विषाणू नाहीसा झाला नव्हता, अव्यक्त होता. वाटून पाहणारे चाळीस वर्षे तपासण्याच्या रीतीनेच चकले होते. कांजिण्यांचा विषाणू मात्र उंदरात असा सुप्त राहत नाही, म्हणून त्याचा पुरावा मृत मानवी देहांतच शोधावा लागला. गिल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांना मानवी गुच्छिकांत त्याचे डीएनए आढळले ते १९८३ मध्ये. होप-सिम्पसन तेव्हा ७५ वर्षांचे होते.