काळ्या फोटोतले आलवण

१८३९ हे साल सातारकरांना विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले आणि पुढे काशीला धाडले. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. योगायोग असा की, त्याच १८३९ च्या ऑगस्टात, १९ तारखेला, पॅरिसमध्ये दागेर नावाच्या चित्रकाराची फोटो काढण्याची कृती जगापुढे उघड करण्यात आली. इकडे एक राज्य आवरत आले होते आणि तिकडे माणसाचा चेहरा उन्हाकडूनच लिहवून घेण्याची विद्या जन्माला येत होती. पंधरा वर्षांत ती मुंबईला पोचली. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफीची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी माणसे तिच्यात होती, आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढीत.

या विद्येबद्दल आपला एक भाबडा समज आहे. चित्रकार खोटे बोलेल, पण फोटो खोटे बोलणार नाही, असे आपण धरून चालतो. जुन्या फोटोंच्या बाबतीत तरी हे अर्धेच खरे आहे. त्या वेळची काच रंगांच्या बाबतीत निम्मी आंधळी होती. तिला निळा तेवढा नीट दिसे. निळे आकाश, निळे पातळ, पांढरे धोतर, सगळे तिच्यावर सारखेच पांढरे उमटे. तांबडा, पिवळा आणि बराचसा हिरवाही तिला दिसत नसे, म्हणून ते काळे पडत. कपाळाचे कुंकू काळे, झेंडूची माळ काळी, हिरवा चुडा काळा, भगवा फेटाही काळाच! १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून तिची नजर सुधारण्याची युक्ती काढली. तरी तांबड्याचे ज्ञान तिला यायला विसावे शतक उजाडले, आणि गावोगावच्या स्टुडिओंत जुन्याच जातीची काच पुढेही पुष्कळ वर्षे चालू राहिली.

शिवाय त्या काचेवर माणसाचा हात फिरे तो वेगळाच. फोटो धुऊन झाला की उलटे चित्र असलेली ती काच उतरत्या चौकटीवर ठेवायची, खालच्या आरशाने तिच्यातून उजेड घ्यायचा, वर पातळसे रोगण चोळायचे आणि टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरायचे. काचेवर सारेच उलटे असल्यामुळे जिथे पेन्सिल लागे, तिथे कागदावर उजळपणा येई. सुरकुत्या जात, डोळ्यांखालची काळी वर्तुळे जात, आणि देवीचे व्रण तर हटकून जात. आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी किती जणांच्या तोंडावर देवीने खुणा ठेवल्या होत्या ते घरातल्या फोटोंवरून कळणारच नाही. रोग १९७५ मध्ये देशातून गेला, त्याच्या खुणा कारागिराने त्याआधीच पुसून टाकल्या होत्या! घरच्यांना तेच हवे होते म्हणा. त्यापुढे पैसे खर्चण्याची ऐपत असली की छापलेल्या फोटोवर रंग चढवीत. साडीला पाण्यातले रंग, गालांवर गुलाबी झाक, दागिन्यांवर सोनेरी ठिपके. नथ तेवढी सोन्याची दिसली की गिऱ्हाईक खूष.

आपल्या भागात या कलेला मोठा आश्रय मिळाला तो औंधचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर उभे केलेले संग्रहालय आजही पाहावे असेच आहे. त्यांच्याच राज्यातल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात मोडते. मधल्या काळात, १९४९ पासून १९६० पर्यंत, सांगलीकडच्या या जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते. लक्ष्मणराव मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. दोन वर्षांनी ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला भेद कळत नाही. त्यांनी रंगांची पेटी मिटली आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती घेतली. नांगराच्या कारखान्यामागे ही एक रंगांची उणीव आहे, हे मला नेहमी मौजेचे वाटते. वाडीतूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. तिचे संपादक शंकरराव यांनी लाहोरला पंडित सातवळेकरांच्या स्टुडिओत चित्रकलेचे धडे घेतले होते, आणि तेच सातवळेकर पुढे औंधला येऊन वेदांच्या कामात गढून गेले. शेजारच्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला. त्यासाठी जर्मनी गाठावी लागली, आणि एवढे करून रंग मनासारखे आले नाहीत ते नाहीतच.

ही सारी हकिकत आठवण्याचे कारण म्हणजे यंदा वर्गातल्या मुलांनी केलेला प्रकल्प. घरातले जुने फोटो आणायचे, त्यांचे डाग काढायचे, हवे तर रंग भरायचे, आणि मूळ प्रतीशेजारी मांडायचे. मुले आता हे काम मोबाईलवर क्षणात करतात. ते यंत्र रंग पाहत नाही, लाखो दुसऱ्या चित्रांवरून अंदाज बांधते, हे त्यांना सांगावे लागते. एका मुलीने आजीच्या आजीचा फोटो आणला होता. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळे, अंगावर गडद वस्त्र. यंत्राने ते बदामी केले होते. मुलीला ते फिकट वाटले, म्हणून तिने छानसा हिरवा रंग दिला आणि कौतुकाने आजीला दाखवला. आजी चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली.

“अगं, हे लुगडं नव्हे, आलवण आहे. तांबडं असायचं. माझी आजी चौदाव्या वर्षापासून तेच नेसायची.”

“मग ते काळं कसं दिसतं गं आजी?”

आजीला काचेचे शास्त्र कुठून ठाऊक असणार? ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. पण केशवपन म्हणजे काय, पदराखाली काय होते, हे मुलीने आजीकडूनच ऐकले, आणि ते कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा नीट ऐकले. फोटोतले दोन काळे रंग तिला आता वेगळे दिसू लागले: सवाशिणीच्या कपाळावरचे कुंकू आणि विधवेच्या अंगावरचे आलवण. दोन्ही मुळात तांबडीच, आणि काचेला दोन्ही सारखीच काळी.

प्रदर्शनात तिने हिरवी प्रत काढून टाकली. मूळ फोटोला हात लावला नाही, कोपऱ्यातला वाळवीचा डागही तसाच ठेवला. शेजारी एक प्रत लावली, तिच्यात फक्त आलवण तांबडे केले, बाकी चेहरा, भिंत, खुर्ची सगळे काळे-पांढरेच राहू दिले. खाली पेन्सिलीने लिहिले: “रंग आजीने सांगितला. उरलेले रंग सांगणारे आता कोणी नाही.”